खरवड

चार डबे खोबरेल तेलाचे, तव्यावर रांगेत.
एकात चिऱ्याची पूड कालवलेलं मेण, एकात काजळ, एकात नीळ.
चौथ्यात राळ घातलेलं नुसतं मेण,
आतून पिवळं.
पंखा बंद. वारा लागला तर थर खालच्या थरात मुरत नाही.
घाम हनुवटीवरून फळीवर पडतो;
मेण त्याला आत घेत नाही,
गोळी करून परत देतं.

मडगावचा रुझारियो माझ्या फ्रेमा करतो. म्हणतो,
बाई, आपल्या मुलखात मेणाची चित्रं
म्हणजे भर पावसात मिठाचं दुकान.
खरंय. मागच्या मेमध्ये त्याच्याच टेम्पोत
एक अख्खा धबधबा सुटला,
पणजीला पोचेस्तोवर फळीच्या खालच्या कडेला येऊन थांबला.
मी तो तसाच टांगला.
सगळ्यात आधी तोच विकला गेला.

त्या धबधब्याचा पांढरा रंग कुठला, ते कुणाला ठाऊक नाही.
आईचा पाय मोडला तेव्हा तिनं सायबिणीला नवस बोलला होता,
फेस्ताच्या गाड्यावरून मेणाचा पाय आणला होता,
तळहाताएवढा, पाची बोटांचा.
वाहायच्या आधीच ती चालायला लागली
आणि पाय कपाटात राहिला, सोळा वर्षं, नेसूच्या साड्यांमागे.
मी तो वितळवला.
प्रदर्शनात आई त्या चित्रापुढे उभी राहिली,
काही बोलली नाही,
फक्त गुडघा चोळला.

आता समोर आहे ते खोतीगावच्या कड्याचं.
धाकू वेळीप अमावास्येला तिथं उतरतो,
आग्या मोहोळासाठी.
मला ते जागेवर बघायचं होतं.
त्यानं माझ्या कमरेला काथ्याचा दोर बांधला,
दोनदा हिसका देऊन पाहिला,
तंबाखू थुंकला. म्हणाला, "भिवूं नाका."
मग पायाखालचा दगड संपला.

चूड पेटली, धूर वर आला,
आणि कडा गुणगुणायला लागला.
आवाज कानातून येत नव्हता,
दातांतून येत होता, बरगड्यांतून.
मी डोळे मिटले ते वर ओढून घेईपर्यंत उघडले नाहीत.
नाव सुनयना.
लोक विचारतात, कसं दिसतं हो मोहोळ इतक्या जवळून?
मी सांगते, बघितलं नाही.
ते हसतात, त्यांना वाटतं बाई विनयानं बोलते.

म्हणून काळ्यावर काळा.
अकरा थर, प्रत्येकावर ज्योत फिरवलेली,
जरा जास्त फिरवली तर धूर, कमी फिरवली तर पापुद्रा.
मग सुरीनं खरवडायचं, खाली काय राहिलंय ते येईपर्यंत.
सातव्या थरात एक पंख निघाला.
धाकूकडचं मेण मी नीट गाळलं नव्हतं.
तो काढावा की ठेवावा, यावर दोन दिवस गेले.

तिसऱ्या दिवशी धाकू आला, फणसाचे गरे घेऊन.
चित्र त्यानं पाहिलं नाही म्हटलं तरी चालेल.
नाक लावलं. फळीच्या डाव्या कोपऱ्यापासून
उजव्यापर्यंत, सावकाश,
पोर झोपलंय का बघावं तसं.
"जांभळीचं," म्हणाला. "आनी वयर मात्शें किंदळाचं."
अकरा थरांखालून त्यानं झाडं ओळखली.
किंमत विचारली. मी सांगितली.
तो इतका वेळ गप्प राहिला
की मलाच ती चुकीची वाटायला लागली.

जाताना वाकला,
जमिनीवरची खरवड हातानं गोळा केली,
काळी, लाल, मध्येच निळी,
दोन तळव्यांत दाबून तिचा लाडू केला.
"हे फेकतां?"
"घेऊन जा. कशाला?"
"दोराक."

येत्या अमावास्येला तो परत उतरणार आहे.
मी विचारलं नाही, मीही येऊ का.
तव्यावर नीळ खदखदायला लागली होती.
आच कमी केली.